काऊ आत आला

भाद्रपद, 1962. एसटी वडखळ ओलांडते, तोवर तुमच्या मांडीवरच्या इरल्याकडे बघून शेजारच्या बाईंनी तीनदा नाक मुरडलेलं असतं. तुम्ही नऊ वर्षांचे आहात. आईबरोबर रोह्याहून पेणला, मामाकडे निघालायत. रोह्याला रेल्वे यायला अजून वीसेक वर्षं आहेत. जिल्ह्यालाही कुलाबाच म्हणतात. त्याचा रायगड व्हायला 1981 उजाडेल. आणि हे इरलं लावणीसाठी नाही, ते तुमचे पंख आहेत. यंदा मामाकडे गणपतीत चिऊ-काऊ बसवायचंय. काऊ तुम्ही.

मामाच्या घराचा पुढचा भाग म्हणजे गणपतीचा कारखाना. चतुर्थी झाली, मूर्ती गिऱ्हाइकांच्या घरी गेल्या, फळ्या रिकाम्या. शाडूचा ओलसर वास मात्र राहिलाय. अंगणात चिखल, म्हणून खेळ इथेच. कामट्या आणि गोणपाटाचं एक घर शेणाचं, जुन्या मखराचं दुसरं मेणाचं. संवाद नाहीत. पाठांतराला वेळ कुठाय? आजी आणि मामी पडद्याआडून गाणार, पेटी धाकटा मामा वाजवणार, बाकीच्यांनी नुसते हातवारे करायचे.

चिमणी मोठा मामा. मामीचं नऊवारी नेसून तो ठुमकत येतो आणि आजी तोंडाला पदर लावते. हसू नका, 1902 साली लंडनच्या ड्रुरी लेनला डॅन लेनो हा पुरुष नट ‘मदर गूज’ झाला होता. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला त्याचं नवल ते काय! मुंबईत सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ 1959 साली केलं, त्याच्या गोष्टी दादरची मावशी सारख्या सांगते. तिला इथेही रंगीत दिवे हवे होते. मिळाली एक गॅसबत्ती.

रंगवायला आखणीवाले काका बसलेत. महिनाभर मूर्तींचे डोळे आखलेला त्यांचा हात. श्वास रोखून ते तुमच्या पापणीवरून कुंचला ओढतात. “हलायचं नाही हां. गणपती कसा गप बसतो?”

खेळ सुरू. बहीण सुपात भात घोळवते, तो पाऊस. पत्रा हलवला की गडगडाट. तुमचं गोणपाट कोसळतं आणि तुम्ही मखराच्या दाराशी जाऊन टकटक करता. चिमणी बाळाला न्हाऊ घालते. पुन्हा टकटक. आता बाळाला तीट. पुन्हा टकटक. प्रत्येक नकाराला पेटीवर एक ठसका, आणि मोठी माणसं खदखदतात.

आईच्या कुशीत गोष्ट ऐकताना तुम्हीही हसलेले आहात. तिथे काऊ फक्त एक आवाज होता. इथे तो उभा आहे, सगळ्यांसमोर, आणि बोलायची त्याला परवानगी नाही. वर खरा पाऊस वाढलाय. एक कौल सरकलंय आणि थेंब नेमका तुमच्या मानेवर. तुम्ही शहारता, तो अभिनय नसतो. पुढे बसलेली पोरं हसायची थांबतात. कुणीतरी हळूच म्हणतं, “घे की गं त्याला.”

मामा गोंधळतो, पण तालमीत ठरल्याप्रमाणे बाळाला पावडर लावायला लागतो. जाजमावरून तीन वर्षांची धाकटी उठते. परकर सावरत मखरापर्यंत येते, पुठ्ठ्याचं दार दोन्ही हातांनी ओढते. ते उघडायचं म्हणून केलेलंच नव्हतं. बिजागरीच्या जागी खळ. दार तिच्या हातात निघून येतं.

पेटीचा भाता तसाच दाबलेला, एकच सूर लांबत राहतो. मामी पुढचं कडवं सोडून देते. पडद्यामागून आजीचा आवाज येतो, “आता बघत काय बसलायस मेल्या, पुस त्याचं डोकं!”

नऊवारीतला मामा पदर पुढे करतो. तुम्ही इरलं तिरकं करून आत शिरता. मखरात तुम्ही दोघं, कापडी बाळ आणि काजळाची डबी. आत आल्यावर काऊनं काय करायचं, हे कुणी बसवलेलंच नव्हतं.