ठेव आणि राखणदार

एखाद्या समाजाने कोणत्या वस्तू मोलाच्या मानल्या, हे त्याच्या खजिन्यांवरून कळते. त्या त्याने कोणत्या भावनेने सांभाळल्या, हे मात्र त्याच्या भाषेवरूनच कळते. मोल जाणणे, जिव्हाळ्याने जपणे आणि रक्षण करणे या तीन क्रियांसाठी इंग्रजी भाषेत शब्दांची मोठी श्रीमंती आहे. ती एका काळाची किंवा एका लोकसमूहाची कमाई नव्हे. तिचे थर उलगडू लागले, म्हणजे इंग्रज समाजाच्या हजार-बाराशे वर्षांच्या इतिहासाचा एक पैलू दृष्टीस पडतो.

सर्वांत खालचा थर अँग्लो-सॅक्सन लोकांच्या जुन्या इंग्रजीचा. धनाच्या साठ्याला त्या भाषेत ‘होर्ड’ म्हणत आणि राखणदाराला ‘वेआर्ड’. आजचा ‘वॉर्ड’ हा शब्द त्याच घराण्यातला. ‘लॉर्ड’ हा भारदस्त शब्दही मुळात ‘ह्लाफवेआर्ड’, म्हणजे भाकरीचा राखणदार, असा होता. ज्याच्या आश्रयाने माणसांना अन्न मिळते तो धनी, अशी ती साधी कल्पना होती.

या लोकांचे ‘बेओवुल्फ’ नावाचे ३१८२ ओळींचे वीरकाव्य आहे. त्यात ‘होर्डवेआर्ड’, म्हणजे ठेवीचा राखणदार, हा शब्द दोघांना लावलेला आढळतो. एक आहे डेन लोकांचा राजा ह्रोथगार. तो खजिना राखतो, परंतु वीरांना घोडे, शस्त्रे आणि सुवर्ण मुक्तहस्ताने वाटतो. दुसरा आहे तीनशे वर्षे पुरलेल्या धनावर बसून राहिलेला अग्निमुखी महासर्प. त्या धनाचा त्याला काहीच उपयोग नाही. पण त्यातला एक पेला चोरीला जाताच तो सारा मुलूख जाळीत सुटतो. पुरलेल्या धनावर नाग बसतो, ही कल्पना महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत ऐकलेल्यांना तो परका वाटणार नाही. राखणदार दोन प्रकारचे असतात हे त्या काळच्या कवींना ठाऊक होते. शब्द मात्र दोघांना एकच होता.

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढे दोन-तीन शतके दरबाराची व न्यायासनाची भाषा फ्रेंच झाली. तिच्याबरोबर दुसरा थर आला. ‘होर्ड’च्या शेजारी ‘ट्रेझर’ येऊन बसला. त्याचे मूळ ग्रीक भाषेतल्या ‘थिसॉरस’, म्हणजे भांडार, या शब्दात आहे. पीटर मार्क रॉजे याने १८५२ मध्ये आपल्या प्रसिद्ध शब्दसंग्रहाला तेच ग्रीक नाव दिले. संस्कृतात ‘कोश’ म्हणजे खजिना आणि शब्दसंग्रहही. जुन्या इंग्रजीतही बोलणे म्हणजे ‘वर्डहोर्ड’, शब्दांचे भांडार, उघडणे. शब्द हेही धन आहे, ही जाणीव या भाषांत स्वतंत्रपणे उमललेली दिसते.

‘व्हॅल्यू’ हा शब्द लॅटिनमधील ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ बलवान असणे असा होता. शौर्याला म्हणतात तो ‘व्हॅलर’ही त्याचाच भाऊ. ‘प्राइस’ म्हणजे किंमत, ‘प्रेझ’ म्हणजे स्तुती आणि ‘अप्रीशिएट’ म्हणजे गुण जाणणे, हे तिन्ही शब्द किंमत या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दाची लेकरे आहेत. बाजारातला भाव आणि मनातला आदर यांची नाळ इतकी जवळची आहे! देशी ‘डिअर’ हा शब्दही याला अपवाद नाही. प्रिय आणि महाग हे दोन्ही अर्थ तो प्रथमपासून वाहत आला आहे.

‘चेरिश’ची गोष्ट निराळी. प्रिय या अर्थाच्या ‘शेर’ या फ्रेंच शब्दापासून तो निघाला. फ्रेंचमध्ये ‘शेर’चा अर्थ महाग असाही होतो, परंतु इंग्रजीत येताना ‘चेरिश’ने किंमत मागे टाकली आणि फक्त माया बरोबर आणली. म्हणूनच १५४९ मध्ये आर्चबिशप क्रॅनमर याच्या पुढाकाराने इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सिद्ध झाला, तेव्हा विवाहाच्या प्रतिज्ञेत या शब्दाला स्थान मिळाले. वधू आणि वर दोघांच्याही तोंडी तो घातला गेला. त्या काळी पत्नीच्या वाट्याला आज्ञापालनाचे वेगळे वचन होते; जपण्याचे वचन मात्र दोघांचेही समान होते.

रक्षणाचे शब्द याहून कठोर. जर्मानिक कुळातला जो धातू जुन्या इंग्रजीतून ‘वॉर्ड’ झाला, तोच फ्रेंचमधून फिरून येऊन ‘गार्ड’ झाला. ‘प्रोटेक्ट’ म्हणजे पुढून झाकणे. संस्कृतातील झाकणे या अर्थाचा ‘स्थग्’ धातू त्याच्याच गोत्रातला. हा शब्द ढालीचा आहे. ढाल वार अडविते; ढालीमागे असलेल्या वस्तूवर प्रेम करणे हे तिचे काम नव्हे.

हा भेद प्रत्यक्षात किती महत्त्वाचा आहे, हे ‘बेओवुल्फ’च्या पोथीनेच दाखविले. इ. स. १००० च्या आसपास लिहिलेली ही एकमेव प्रत रॉबर्ट कॉटन याच्या ग्रंथसंग्रहात होती. तो संग्रह पुढे राष्ट्राच्या मालकीचा झाला आणि लंडनमधील अ‍ॅशबर्नहॅम हाउस या वाड्यात ठेवण्यात आला. २३ ऑक्टोबर १७३१ रोजी तेथे आग लागली. पोथी वाचली, पण पानांच्या कडा होरपळल्या आणि वर्षानुवर्षे अक्षरे झडत राहिली. पोथी सुरक्षित कपाटात होती. तिचे वाचक मात्र मोजकेच होते. १७८० नंतरच्या दशकात आइसलंडचा विद्वान थॉर्कलिन लंडनला आला. त्याने तिची एक नक्कल दुसऱ्याकडून करविली आणि एक स्वहस्ते केली. १८०७ मध्ये ब्रिटिश आरमाराने कोपनहेगनवर तोफा डागल्या, त्यात त्याचे घर जळाले. तरी दोन्ही नकला बचावल्या आणि १८१५ मध्ये काव्य प्रथम छापून निघाले. मूळ पानांवरून नाहीशी झालेली अनेक अक्षरे आज त्या नकलांमुळेच वाचता येतात.

एकोणिसाव्या शतकात ही ढाल समाजाने हाती घेतली. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या चर्चांची कळा पालटली जात आहे हे पाहून विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था काढली. नवे रूप देऊ नका, आहे ते टिकवा, हा तिचा आग्रह होता. १८८२ मध्ये जॉन लबक याच्या प्रयत्नाने प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो दुबळा होता. मालकाची संमती असल्यावाचून स्मारक सरकारच्या देखरेखीखाली येत नसे. पुढे कर्झनच्या कारकीर्दीत, १९०४ मध्ये, हिंदुस्थानातही असा कायदा झाला. त्याने ‘प्रोटेक्टेड मॉन्युमेंट’ ही संज्ञा येथे रूढ केली. किल्ल्यांच्या आणि लेण्यांच्या दाराशी ‘संरक्षित स्मारक’ अशी पाटी दिसते, तिच्यातील ‘संरक्षित’ हा शब्द त्याच संज्ञेचा मराठी अवतार होय.

कायद्याला ‘प्रोटेक्ट’ हा शब्द पेलतो. तो पाटी लावू शकतो, पहारा बसवू शकतो, दंड करू शकतो. ‘चेरिश’ची आज्ञा मात्र कोणताही कायदा देऊ शकत नाही. तो शब्द ज्याचा त्याने स्वमुखाने उच्चारावा लागतो, आणि ज्या ठेवीसाठी तो उच्चारणारे कोणी उरत नाही, तिच्या दाराशी कितीही पहारे बसविले, तरी आत अक्षरे झडतच राहतात.