नाव कोणी सांगायचे?

कात्रजच्या तलावाचे पाणी पेशवाईत नळाने पुण्यातल्या हौदांत येत असे. अशा पाण्यातून रोग पसरला, तर नळाचा माग उलटा काढत उगमापर्यंत जाता येते. १८५४ मध्ये लंडनला पटकीच्या साथीत जॉन स्नोने असाच माग काढून एका पंपावर बोट ठेवले. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांचा माग मात्र माणसांमधून जातो. नळाला अब्रू नसते, माणसाला असते. वर्गात साथीचे रोग शिकवताना हा फरक आपण बहुधा गाळतोच.

इंग्रज सरकारने सोपी वाट धरली. गोऱ्या शिपायांत गरमी-परमा फार, म्हणून १८६८ च्या कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू केली. रोगी ठरलेल्या स्त्रियांना ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये अडकवून ठेवीत. म्हणजे साखळीतली एकच कडी धरायची! १८८८ मध्ये हा कायदा रद्द झाला.

खरा माग काढायला साधने हवी होती. गरमीचा जंतू १९०५ मध्ये सापडला, वासरमनची रक्तचाचणी १९०६ मध्ये आली, आणि १९४३ पासून पेनिसिलिनने रोग बरा होऊ लागला. उपचारच नसेल तर जोडीदाराचे नाव सांगून रुग्णाला काय मिळणार? तरीही सक्तीचा मोह सुटला नाही. ब्रिटनमध्ये १९४२ च्या ३३-ब नियमानुसार दोन रुग्णांनी एकाच व्यक्तीचे नाव घेतले, की तिला तपासणी आणि उपचार टाळता येत नसत. व्यवहारात या नियमात सापडल्या त्या मुख्यतः स्त्रियाच.

पुण्यात भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. शहरातल्या गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात तपासलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण आढळली. यांतल्या बहुतेकींचा आयुष्यातला जोडीदार एकच, नवरा. ‘धोक्याच्या गटां’वर नजर ठेवणाऱ्यांना हा आकडा जड गेला असणार, असे आम्हांला वाटते. या बायकांना वेळीच कोणी सांगायला हवे होते?

२०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, जो २०१८ मध्ये लागू झाला, याचे उत्तर दिले आहे. आधी समुपदेशनाने रुग्णालाच सांगायला प्रवृत्त करायचे. तो सांगणार नाही अशी खात्री पटली आणि जोडीदाराला खरा धोका असला, तरच डॉक्टर किंवा समुपदेशक सांगू शकतो. तेही रुग्णाला पूर्वकल्पना देऊन. रुग्ण स्त्री असेल आणि कळल्यावर तिला मारहाण होण्याची वा घराबाहेर काढले जाण्याची भीती असेल, तर जोडीदाराला सांगायला मनाई आहे.