पळसदेव येथील पळसनाथ मंदिर : इतिहास, वास्तुशैली आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना :
मध्ययुगीन गावात प्रार्थनास्थळ हे केवळ उपासनेचे ठिकाण नव्हते. दानाची नोंद आणि वीरमरणाची स्मृती गावाने तेथेच दगडावर कोरून ठेवली. इंग्लंडमधील ग्रामचर्चचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १५३४ मध्ये इंग्लंडचे चर्च रोमच्या सत्तेपासून वेगळे झाले आणि कॅथलिक उपासनेसाठी उभारलेली मध्ययुगीन चर्चे अँग्लिकन झाली. तेथे उपासनापद्धती बदलली, वास्तू मात्र वापरात राहिली. इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथे याच्या नेमके उलट घडले. उपासना गावाबरोबर नव्या जागी गेली आणि वास्तू मागे राहिली. या वास्तूचे ऐतिहासिक महत्त्व स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
इंदापूर तालुका भीमा व नीरा या नद्यांच्या दरम्यान वसलेला असून पळसदेव हे भीमाकाठचे प्राचीन गाव होय. येथील शके १०७९, म्हणजे इ.स. ११५७ चा शिलालेख प्राचीन मराठी कोरीव लेखांच्या अभ्यासकांना परिचित आहे. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता ओसरू लागली होती, तो हा काळ. मराठी भाषेच्या आरंभीच्या लेखी पुराव्यांत या लेखाचे स्थान मोलाचे आहे.

वास्तुरचना :
पळसनाथ मंदिराचा उल्लेख सर्रास 'हेमाडपंती' असा केला जातो. परंतु हेमाद्री हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील यादवांचा मंत्री होता. पळसदेवचा शिलालेख त्याच्या सुमारे एक शतक आधीचा आहे. त्यामुळे हे नाव येथे वापरताना सावधगिरी आवश्यक ठरते. शैलीच्या दृष्टीने मंदिराचे शिखर भूमिज पद्धतीचे आहे. या पद्धतीत शिखराच्या चार बाजूंनी उभ्या पट्ट्या वर जातात व त्यांच्या मधल्या भागात लहान शिखरांच्या प्रतिकृती ओळीने रचलेल्या असतात. अंबरनाथ येथील शके ९८२ चे मंदिर व सिन्नरचे गोंदेश्वर ही याच परंपरेतील उदाहरणे होत. पळसनाथाच्या दगडी भिंतींवरील शिखर विटा व चुन्यात बांधलेले आहे. परिसरातील वीरगळ व सतीशिळा गावाच्या सामाजिक इतिहासाची साक्ष देतात.

जलाशय आणि जतन :
१९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात जुने पळसदेव बुडाले व गावाचे पुनर्वसन झाले. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या धरणाने दुष्काळी प्रदेशाचे अर्थकारण बदलले, हे नाकारता येणार नाही. तथापि त्या लाभाची किंमत या गावांनी मोजली आहे. उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातील पाणी घटू लागले, की मंदिर उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यातही ते दिसले. असे दर्शन पर्यटकांना आकर्षित करते. मात्र वारंवार भिजणे व वाळणे हे विटा-चुन्याच्या बांधकामास अखंड पाण्याखाली राहण्यापेक्षाही अधिक घातक असते.

निष्कर्ष :
मंदिराचे स्थलांतर झाले नाही, तरी त्याची नोंद होऊ शकते. पाणी ओसरलेल्या काळात मोजमापे, आराखडे, छायाचित्रे व लेखांचे ठसे घेण्याचे काम शेळगाव, इंदापूर व बारामती परिसरातील इतिहास विभागांनी एकत्रितपणे हाती घेणे शक्य आहे. देवाला नवे घर मिळाले; आता दगडावरील अक्षरे पुसली जाण्यापूर्वी ती कागदावर उतरवणे, हे इतिहासाच्या अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.