कावेरीच्या घळीपासून आपल्या उंबरठ्यापर्यंत

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा आमच्यापुढे विषयांची वानवा नव्हती. पन्नास वर्षांचे गणेशोत्सव, नाट्यप्रयोग आणि कोजागिरीच्या मैफली यांचा वृत्तांत या अंकात अन्यत्र येईलच. आम्हांला मात्र २०२४ सालचा उन्हाळा आठवत होता. त्या वर्षी व्हाइटफील्डमधील कूपनलिका एकामागून एक आटल्या. पहाटे टँकरचा भोंगा ऐकून आपण सारेच बादल्या घेऊन जिने उतरलो. ज्या पाण्यावाचून त्या दिवसांत आपला जीव कासावीस झाला, ते मुळात येते कोठून, हा प्रश्न तेव्हा मनात आला आणि पुढे पाऊस पडल्यावरही तो गेला नाही. म्हणून आम्ही काही मंडळी त्या पाण्याच्या वाटेने चालून आलो. ही त्या वाटेची हकीकत.

आपण सह्याद्रीची माणसे. घाट, खिंड, घळ हे शब्द आपण बाळपणापासून ऐकत आलो. बंगळूर वसले आहे ते समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीच्या पठारावर. येथे कसली आली आहे घळ, असे आम्हांलाही वाटत असे. परंतु कनकपुऱ्यावरून दक्षिणेस निघाले, की हे पठार हळूहळू मोडू लागते. दोन्ही बाजूंस डोंगर उठतात, शेते मागे पडतात, पानगळीचे रान सुरू होते आणि रस्ता वळणे घेत अर्कावती व कावेरी यांच्या संगमावर येऊन थांबतो. नंदी डोंगरावर उगम पावलेली अर्कावती येथे थोरल्या नदीच्या पदरात शिरते. काठाने अर्जुनसादड्याचे जुने वृक्ष पाण्यावर ओणवले आहेत. येथून हत्तींचे रान लागते. नदीत सुसरी आणि महासीर मासे आहेत, तर काठच्या झाडांवर करड्या रंगाची मोठी खार दुर्मिळ का होईना, पण आढळते. हा सारा प्रदेश १९८७ साली कावेरी वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाला.

संगमापासून सुमारे चार किलोमीटर खाली 'मेकेदाटु' आहे. कानडीत 'मेके' म्हणजे शेळी आणि 'दाटु' म्हणजे ओलांडणे. वाघाच्या भयाने शेळीने येथून पलीकडच्या काठावर झेप घेतली, अशी लोककथा सांगतात. विस्तीर्ण पात्रातून संथ वाहत आलेली कावेरी येथे दोन खडकांच्या चिंचोळ्या फटीत शिरते आणि तिचा स्वभावच पालटतो. खडकांत पाण्याने कोरलेले गोल खळगे पाहून आम्हांला कुकडी नदीवरील निघोजचे रांजणखळगे आठवले. फरक एवढाच, की निघोजचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आणि आपल्या लालबागेतील टेकडी ज्या कुळातली, तो या बाजूचा पट्टेदार खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा. पाण्याची रीत मात्र दोन्हीकडे एकच. लहानसा गोटा भोवऱ्यात सापडतो, फिरत राहतो आणि युगानुयुगे कातळ पोखरीत जातो.

या नदीशी मराठी माणसाचा संबंध आजकालचा नव्हे. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केम्पेगौडाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी पुढे तंजावर येथे राज्य स्थापिले, ते कावेरीच्याच मुखाशी, भातशेतीने समृद्ध अशा प्रदेशात. भोसल्यांचे ते राज्य १८५५ पर्यंत टिकले. मे १७९१ मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा मेलुकोट्यानजीक लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या उपाशी सैन्यास येऊन मिळाल्या, तेव्हाही रणभूमी कावेरीकाठचीच होती. मात्र ही राज्ये व लष्करे नदीच्या सपाट आणि सुपीक भागात वावरली. वरती श्रीरंगपट्टण, खाली तंजावर आणि मधली ही घळ, असा हा पट आहे. आमच्या पूर्वजांनी नदीची दोन्ही टोके पाहिली. मधली घळ मोलाची ठरली ती राजांमुळे नव्हे, अभियंत्यांमुळे.

घळीच्या माथ्यावर शिवनसमुद्र आहे. तेथे कावेरी दुभंगून एका बेटास वेढा घालते आणि गगनचुक्की व भरचुक्की या दोन धबधब्यांनी सुमारे तीनशे फूट खाली कोसळते. म्हैसूरचे दिवाण सर के. शेषाद्री अय्यर यांच्या कारकीर्दीत या पाण्यापासून वीज निर्माण करण्याचे ठरले. अधिकारी होते ए. जोली द लोटबिनियर. ३० जून १९०२ रोजी ही वीज सुमारे १४७ किलोमीटर अंतरावरील कोलारच्या सोन्याच्या खाणींत पोहोचली. एवढ्या दूर वीज वाहून नेणाऱ्या तारा त्या काळी जगात विरळाच होत्या. शेषाद्री अय्यरांना हा दिवस पाहावयास मिळाला नाही; ते आदल्याच वर्षी निवर्तले. १९०५ साली त्याच विजेचे दिवे बंगळूरच्या रस्त्यांवर लागले. आपल्याकडे टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले ते १९१५ साली, म्हणजे यानंतर तेरा वर्षांनी.

उन्हाळ्यात नदी रोडावली की वीजही रोडावे. तिला बारमाही पाणी मिळावे, हाही कृष्णराजसागर धरणामागील एक हेतू होता. १९११ साली त्याचे काम हाती घेणारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात दीर्घकाळ सेवा केलेले. खडकवासल्याला त्यांनी बसविलेल्या स्वयंचलित दारांचे अनुभव येथे कामी आले. पुणे आणि म्हैसूर यांना जोडणारा असा दुसरा दुवा विरळा.

आता पाण्याकडे वळू. बंगळूरला नळाचे पहिले पाणी मिळाले ते १८९६ च्या सुमारास, हेसरघट्टा येथील तलावातून आणि पुढे १९३३ पासून तिप्पगोंडनहळ्ळीच्या जलाशयातून. दोन्ही अर्कावतीवरच. शहर वाढले आणि ती नदी अपुरी पडू लागली. १९७४ साली कावेरीचे पाणी प्रथम शहरात आले. आपले मंडळ आणि कावेरीचे पाणी जवळपास समवयस्कच म्हणावयाचे! शिवनसमुद्राच्या वरच्या अंगास नदीचे पाणी घेतात. तोरेकाडनहळ्ळीला ते शुद्ध होते आणि तेथून हारोहळ्ळी व तातगुणी असे टप्पे घेत, सुमारे शंभर किलोमीटर दूर आणि अंदाजे पाचशे मीटर उंच चढविले जाते. म्हणजे निसर्ग जेथे नदीला खाली ढकलतो, तेथूनच मनुष्य तिला वर ओढून आणतो. १९८२, १९९३, २००२ आणि २०१२ या साली टप्पे वाढत गेले. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी पाचवा टप्पा सुरू झाला. शहरात नव्याने सामील झालेल्या एकशे दहा गावांसाठी तो योजिलेला आहे.

येथे एक गोष्ट आम्हांला नकाशा पाहताना प्रथमच उमगली. व्हाइटफील्ड कावेरीच्या खोऱ्यात नाहीच! १८८२ साली महाराज चामराजेंद्र वोडेयरांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन संघटनेस वसाहतीसाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली आणि संघटनेचे प्रवर्तक डी. एस. व्हाइट यांच्या नावाने हे गाव वसले. त्या जमिनीवरचे पाणी पूर्वेस, दक्षिण पिनाकिनीकडे वाहते. बंगळूरचा सुमारे एक-तृतीयांश भागच कावेरी खोऱ्यात मोडतो. या गोष्टीचा विचार करून पाणीवाटप लवादाने शहरास कमी पाणी धरले होते. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शहर अखंड मानून बंगळूरच्या पिण्यासाठी ४.७५ अब्ज घनफूट वाढीव पाणी मान्य केले. आपण, म्हणजे या खोऱ्याबाहेरची माणसे, त्या न्यायाचे लाभार्थी आहोत.

आणि वापरलेले पाणी? ते वरथूर तलावातून दक्षिण पिनाकिनीत जाते, तमिळनाडूत तेनपेण्णै म्हणून वाहते आणि कडलूरजवळ समुद्रास मिळते. कावेरीने जे पाणी स्वतःच्या मुखी न्यावयाचे, ते आपल्या स्नानगृहांतून दुसरीच नदी नेते. २०१८ पासून शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोलारच्या कोरड्या तलावांतही सोडले जाऊ लागले. १९०२ साली कावेरीने कोलारला उजेड दिला, २००१ साली खाणी बंद पडल्या आणि आता तिचेच पाणी, आपण वापरून झाल्यावर, तेथील भूजलास आधार देते. इतिहास असे वर्तुळ क्वचितच पूर्ण करतो.

आज मेकेदाटु येथे मोठे धरण बांधण्याचा प्रस्ताव आहे. त्यावरून कर्नाटक व तमिळनाडू यांच्यात दीर्घ वाद चालू आहे. धरण झाल्यास आपल्या नळाला अधिक पाणी येईल आणि हजारो हेक्टर अरण्य बुडेल. आम्ही उभे होतो ते खडक व ते अर्जुनसादडे त्यात येतात. या प्रश्नावर निवाडा देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ते पाणी आपल्यासाठी मागितले जात आहे, हे विसरण्याचाही अधिकार आपल्याला नाही. गच्चीवरील पावसाचे पाणी साठविणे, गळणारे नळ दुरुस्त करणे, वरथूरसारख्या तलावांविषयी आस्था बाळगणे या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींचे वजन त्या घळीत उभे राहिल्यावर कळते. जितके पाणी आपण येथे राखू, तितके तेथून मागावे लागणार नाही.

परतताना सर्वजण गप्प होते. घरी पोहोचल्यावर आमच्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी नळ सोडला, ओंजळभर पाणी घेतले आणि नळ लगेच बंद केला. महाराष्ट्रातून आलेल्या आपल्या पिढ्यांना या भूमीने घर दिले, भाकर दिली आणि खोऱ्याच्या सीमा ओलांडून पाणी दिले. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी, प्रत्येक सभासदाने एकदा तरी ती घळ पाहून यावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.