तळटीप : पिकपूल द पिने

१. दक्षिण फ्रान्सच्या लाँगदॉक भागातली पांढरी वाइन. पिकपूल हे द्राक्षाचं नाव, पिने हे गावाचं. मूळ मजकुरात नुसतं ‘थंड पांढरी वाइन’ आहे; पण कालवांच्या ताटाशेजारी उभी असलेली ती उंच, हिरवी बाटली पाहता ती हीच असावी. पिने आणि आसपासच्या पाच गावांतले मळे ‘तो’ नावाच्या खारकच्छाकडे उतरत जातात. द्राक्ष उशिरा पिकतं, आणि उन्हाळा कडक असूनही आपला आंबटपणा सोडत नाही. त्याचं मोल सगळं त्यातच आहे. २०१३ साली या वाइनला स्वतःचं स्वतंत्र भौगोलिक मानांकन मिळालं.

कालवं त्याच खारकच्छातली. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसते, म्हणून तिथले लोक कालवं सिमेंटने दोरांना चिकटवून पाण्यात टांगतात. ती कच्चीच खातात. त्यांच्या खारटपणाला वाइनची आंबट धार इतकी नेमकी भेटते, की लिंबू पिळायची गरज उरत नाही. मला तर लिंबू तिथे आगंतुकच वाटतं. शिनाण्या, तळलेले छोटे मासे, शेळीच्या दुधाचं ताजं चीजही चालतं. शेजारच्या सेत बंदरात टोमॅटोच्या तिखटसर रश्शातला ऑक्टोपस भरून गोल पाव भाजतात, त्याला ‘तिएल’ म्हणतात, त्याच्याबरोबरही हीच. मुरवत ठेवण्याची ही वाइन नव्हे, ती ताजी आणि चांगली गार प्यावी.
— संपादक