पाप कोणाचे? केडगावच्या मुक्तिसदनाची गोष्ट

१/
चाकणहून तळवड्याच्या दिशेने निघाले की कारखान्यांच्या रांगांमधून इंद्रायणी वाहताना दिसते. तिच्याच काठी देहू आहे. तेथे एका संताने स्वतःला ‘पतित’ म्हणवून घेत विठ्ठलाची स्तुती केली. त्याच पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, केडगावला, १९०५ साली शेकडो स्त्रिया आपल्या पापांची कबुली देत रडल्या आणि मग स्तुतिगीते गाऊ लागल्या. त्या ‘पाप’ कशाला म्हणत होत्या? आजचा थ्रेड याविषयी.

२/
आधी सिद्धान्त समजून घेऊ. ख्रिस्ती धर्मशास्त्रात पाप म्हणजे केवळ एखादे दुष्कृत्य नव्हे. मनुष्याचे मन ईश्वराकडे पाठ फिरवून स्वतःभोवती फिरू लागते, ती अवस्था म्हणजे पाप. चोरी, असत्य, क्रौर्य ही त्या अवस्थेची फळे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल सांगतो की, या अवस्थेतून कोणीही सुटलेला नाही आणि त्यामुळेच माणूस ईश्वराच्या गौरवाला मुकला आहे.

३/
पाप आणि गौरव हे दोन शब्द तेथे एकत्र येतात, हे ध्यानात ठेवावे. मनुष्य ईश्वराचे गौरव करण्यासाठी निर्माण झाला. पापामुळे तो हेतू हरपला. क्षमा लाभल्यावर त्याने पुन्हा त्याच कार्याला लागावे, असा हा क्रम आहे. पापाची जाणीव ही त्यातली पहिली पायरी. तिथेच रडत बसावे, अशी अपेक्षा नाही.

४/
हा विचार मराठीत प्रथम विस्ताराने मांडला तो एका इंग्रजाने. १५७९ मध्ये गोव्यात आलेला जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स याने आदाम-एवेच्या पतनापासून ख्रिस्ताच्या चरित्रापर्यंतची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत रचली. हे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. स्वर्गासाठी त्याने ‘वैकुंठ’ हाच शब्द वापरला. विचार नवा होता. छंद आणि शब्द मात्र येथल्याच मातीतले होते.

५/
परंतु ‘पाप’ या शब्दाचा समाजात आधीपासून एक हिशेब होता, आणि तो सर्वांना सारखा लागू नव्हता. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी पुस्तकात उच्चवर्णीय स्त्रीची स्थिती वर्णिली आहे. पतीचा मृत्यू हे पत्नीच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानले जाई. नऊ-दहा वर्षांच्या बालविधवेलाही हाच दोष चिकटे. केशवपन, एकभुक्त राहणे, मंगलकार्यात तोंड न दाखवणे, ही तिची शिक्षा.

६/
रमाबाईंचे स्वतःचे आयुष्य या हिशेबाजवळूनच गेले. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या आईने मुलीला. दुष्काळात आई-वडील व बहीण गेली. भावासह पायी भ्रमंती करीत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य आले. कडेवर लहानगी मनोरमा होती.

७/
१८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले लंडनमधील एक गृह त्यांनी पाहिले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तेथे मायेने सांभाळले जात होते. या स्त्रियांची अशी सेवा का करायची, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

८/
त्या अध्यायात विहिरीवर पाण्याला आलेली एक शोमरोनी स्त्री आहे. ज्यू लोक शोमरोन्यांशी व्यवहार टाळीत. शिवाय तिचे पाच पती होऊन गेलेले. येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिचे आयुष्य तिच्यासमोर उघड करतो, पण तिला हाकलून देत नाही. उलट ईश्वराची खरी उपासना कोणती, हे तिलाच समजावून सांगतो. पापाचा उल्लेख आणि उपासनेचे आमंत्रण एकाच संवादात! रमाबाईंवर याचा खोल परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

९/
महाराष्ट्रात खळबळ उडाली. अनेकांना हा विश्वासघात वाटला. जोतीराव फुले मात्र १८८५ च्या ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. इकडे रमाबाई चर्चच्याही मुठीत आल्या नाहीत. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हे स्पष्ट दिसते. धर्मगुरूने सांगितले म्हणून कोणतेही मत मान्य करणे त्यांनी नाकारले. ईश्वरापुढे नम्र होणे आणि माणसांपुढे मान तुकवणे यांत त्यांनी भेद केला.

१०/
मायदेशी परतल्यावर मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. पुढील वर्षी ते पुण्यात आले. मुलींवर ख्रिस्ती संस्कार होत असल्याच्या आरोपावरून १८९३ मध्ये मोठा वाद पेटला. ‘केसरी’ने कठोर टीका केली, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. विधवेचा आश्रय आणि तिच्या धर्माचा प्रश्न एकमेकांत गुंतले होते. दोन्ही बाजूंच्या चिंता खोट्या नव्हत्या, हेही नोंदवले पाहिजे.

११/
याच काळात रमाबाईंच्या अंतरंगात दुसरे वळण आले. बाप्तिस्म्याला आठेक वर्षे लोटली होती. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. वर्षानुवर्षे उपदेश करूनही स्वतःचे मन पालटले नव्हते, हे त्याने त्यात मान्य केले होते. रमाबाईंना स्वतःची स्थिती तशीच वाटली. ख्रिस्ताचा धर्म आपल्याला मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, अशा आशयाची कबुली त्यांनी पुढे आत्मनिवेदनात दिली.

१२/
येथे थोडे थांबू. ही स्त्री संस्कृतज्ञ, परदेशात गाजलेली, शेकडो विधवांची आधार. आणि ती म्हणते की मी पापी आहे, माझ्या विद्वत्तेने व सत्कार्याने माझी सुटका होणार नाही. समाजाने विधवेवर लादलेले पाप आणि हे पाप यांत फरक होता. पहिले दुसऱ्यांनी बोट दाखवून ठरवलेले. दुसऱ्यात बोट दाखवणाराही सामील.

१३/
सर्वच पापी, तर मग पुण्यवान कोण? ज्या शास्त्र्याने बालविधवेला अपशकुनी ठरवले, तोही त्याच रांगेत. ज्या मिशनरीने तिला उपदेश केला, तोही. वरवर कठोर वाटणाऱ्या या सिद्धान्तात विधवेसाठी एक अनपेक्षित समता होती. तिचे वैधव्य हा तिचा अपराध उरला नाही. आणि तिचा जो खरा अपराध असेल, त्याला क्षमा होती.

१४/
१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगावच्या माळावर ‘मुक्तिसदन’ उभे राहिले. अत्याचार सोसलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ निघाले. लंडनमध्ये पाहिलेले गृह आता पुणे जिल्ह्यात आले होते.

१५/
१९०५ च्या जूनअखेरीस, वेल्समधील धर्मजागृतीच्या वार्ता पोहोचल्यानंतर, केडगावच्या प्रार्थनासभांत मुली हुंदके देऊन पापे कबूल करू लागल्या. रडण्यानंतर आनंदाने गाणे, स्तुती आणि तासन्‌तास प्रार्थना. आजचा वाचक विचारील: दुष्काळाने आणि माणसांनी छळलेल्या मुलींना ‘तुम्ही पापी’ असे सांगणे न्याय्य होते काय? प्रश्न रास्त आहे. आश्रय देणाऱ्याचा शब्द आश्रिताला नाकारणे अवघड असते.

१६/
तरी त्यानंतर काय घडले तेही पाहावे. त्या स्त्रिया विणकाम, शेती, गोपालन शिकल्या. छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, ते साध्या स्त्रियांना वाचता यावे म्हणून. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झाले. केडगावात ईश्वराचे गौरव केवळ गाण्यात नव्हते. ज्यांना अक्षर ठाऊक नव्हते त्यांच्या हातून ग्रंथ छापला गेला, त्यातही होते.

१७/
आता पुन्हा इंद्रायणीकाठी येऊ. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक सांगत की, आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत आलो. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि कीर्तनांत आणली. हे सहज घडू शकले, कारण स्वतःला पतित म्हणणारा भक्त आणि त्याला पावन करणारा देव मराठी कानाला परके नव्हते. दोन्ही परंपरांचे तत्त्वज्ञान वेगळे आहे. ते एकच असल्याचे म्हणणे दोघांवरही अन्याय होईल. साम्य एवढेच की, ‘पतित’ हा शब्द दोन्हीकडे भक्त स्वतःसाठी वापरतो.

१८/
म्हणून इतिहासात ‘पाप’ हा शब्द भेटला की दोन प्रश्न विचारावेत. तो कोण उच्चारतो आहे? आणि कोणाविषयी? एकोणिसाव्या शतकात तो विधवेविषयी उच्चारला गेला, तेव्हा तिचे केस गेले, नाव गेले. रमाबाईंनी तो प्रथम स्वतःविषयी उच्चारला, आणि मग टाकलेल्या स्त्रियांसाठी दार उघडले.

(समाप्त)