मुक्काम कोठे करावा? नाशिकच्या निवासाची जुनी-नवी कथा

पंचवटीत राहावे, असे अगस्त्य ऋषींनी श्रीरामास सुचविले. परंतु पर्णकुटी नेमकी कोठे बांधावी, हा प्रश्न उरलाच. वाल्मीकींच्या अरण्यकांडात तो मोठ्या जिव्हाळ्याने आला आहे. पाणी जवळ असावे, वन रमणीय असावे, समिधा, फुले व दर्भ हाताशी मिळावेत आणि सीतेचे मन तेथे रमावे, अशी जागा पाहा, असे राम लक्ष्मणास सांगतो. जागा आपणच निवडावी, मी केवळ आज्ञेचा धनी, असे लक्ष्मण उत्तरतो. मग राम स्वतः सपाट भूमी निवडतो. मुक्कामाची जागा निवडताना काय पाहावे, याचे आपल्या वाङ्मयातील हे फार जुने विवेचन होय.

दोन दिवसांसाठी नाशिकला निघालेल्या कुटुंबापुढे आजही हाच प्रश्न असतो. फरक इतकाच की, गोदाकाठच्या धर्मशाळेच्या जोडीस आता द्राक्षमळ्यांतील विश्रामगृहेही उभी राहिली आहेत. या दोहोंत निवड करण्यापूर्वी थोडा इतिहास पाहणे उचित ठरेल.

पूर्वीच्या यात्रेकरूस निवडीचा प्रश्न पडतच नसे. त्याचे उतरण्याचे घर त्याच्या कुळाने पिढ्यांपूर्वीच ठरविलेले असे. गाव, कूळ व आडनाव सांगितले की तीर्थोपाध्याय वही काढीत, आणि तीत आजा-पणजाने केलेली नोंद सापडे. स्नान, श्राद्ध, भोजन व निवास या साऱ्यांची सोय त्या एका नात्यात होई. गोमंतकातील वाचकांस हे नवे नाही. १५६० च्या सुमारास श्रीमंगेश कुठ्ठाळीहून अंत्रुज महालात प्रियोळला आले. अशा स्थलांतरित देवतांचे कुळावी दूरदेशी पांगले, तरी देवळाच्या आवारातील अग्रशाळेत त्यांचे पाऊल पुन्हा टेकत राहिले. उपाध्यायांचा वाडा काय किंवा अग्रशाळा काय, तेथे उतरणारा मनुष्य परका पाहुणा नसे; तो कोणाचा कोण, हे तेथे ठाऊक असे.

पेशवाईत नाशिकचे वैभव वाढले. १७४७ मध्ये नारोशंकरांनी रामेश्वराचे देऊळ बांधले, तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगराव ओढेकरांनी काळारामाचे. पुढे १८६५ मध्ये थळ घाटातून आगगाडी सुरू झाली आणि मुंबईचा यात्रेकरू थोड्या वेळात नाशिकला पोहोचू लागला. यात्रा सुलभ झाली, तसा मुक्काम लहान झाला. कुळाच्या वहीत नाव नसलेला प्रवासीही येऊ लागला, आणि धर्मशाळांची गरज वाढली.

मात्र या जुन्या आतिथ्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. जेथे कुळ पाहून दार उघडते, तेथे कुळ पाहूनच ते बंदही होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तो याच नगरीत. १९५० च्या राज्यघटनेने उपाहारगृहे व हॉटेले यांतील प्रवेशाचा जातिभेद निषिद्ध ठरविला, आणि १९५५ च्या अस्पृश्यता अपराध अधिनियमाने धर्मशाळांतील भेदही दंडनीय केला. भाड्याच्या खोलीत ओळख नसते, हे खरे; पण तेथे कोणी कुळही विचारीत नाही. ही जमेची बाजू मान्य केलीच पाहिजे.

आता द्राक्षांकडे वळू. द्राक्षरसाचे मद्य आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हते. कौटिल्याने त्यास ‘मधु’ म्हटले असून कापिशायन व हारहूरक ही त्याची देशवाचक नावे दिली आहेत. म्हणजे त्या काळी ते वायव्येकडील पदार्थ होते. नाशिकच्या शेतकऱ्याने दीर्घकाळ द्राक्षे पिकविली ती खाण्यासाठी. भोकरी व पंढरी साहेबी या जाती जुन्या पिढीस आठवतील. ‘सुला’ हा मद्यनिर्मितीचा उद्योग गंगापूर धरणाच्या परिसरात १९९९ मध्ये उभा राहिला, आणि २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगास उत्तेजन देणारे धोरण जाहीर केले. ज्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे, तेथेच हे घडले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मळ्याजवळ राहण्याच्या खोल्या त्यानंतर आल्या.

तेव्हा निवड कशी करावी? हेतू श्राद्धाचा वा रामकुंडाच्या स्नानाचा असेल, तर पंचवटीतच उतरावे. तेथून पहाटे पायी घाटावर जाता येते. दूरच्या खोलीतून ते साधत नाही. त्र्यंबकेश्वरी विधी असेल, तर सुमारे तीस किलोमीटरची पहाटेची धावपळ करण्याऐवजी तेथेच राहावे. द्राक्षमळे पाहावयाचे असतील, तर ऑक्टोबरची छाटणी उरकून जानेवारी ते मार्च या काळात तोडणी चालते, तेव्हा जावे. मद्याची चव घेणाऱ्याने तर मळ्यापाशीच मुक्काम करावा. पिऊन वाहन हाकणे हे पापही आहे आणि गुन्हाही. न पिणाऱ्याने तेथे राहू नये, असे मात्र नाही. सिंहस्थाच्या वर्षी प्रत्येकानेच जागा फार आधी ठरवावी.

बालाघाट जिल्ह्यातील परसवाड्याकडील वाचक गोंदियास गाडीत बसला, तर नाशिक रोडला उतरतो. त्याच्या मुलखात मोहाची फुले वेचतात, आणि त्या फुलांचे मद्य तेथील गोंड समाजाच्या देवकार्यातही असते. मद्याचा विचार प्रत्येक समाजाने आपापल्या मर्यादेत केला आहे, हे तो सहज जाणील. नाशिकला दोन रात्री मिळाल्या, तर त्याने एक गोदाकाठी काढावी व दुसरी मळ्यात. वृद्ध आई-वडील बरोबर असतील, तर दोन्ही काठावरच काढाव्यात आणि मळे दिवसा पाहून यावेत. तीर्थोपाध्यायांकडे जाऊन वहीत मुलाबाळांची नावे तेवढी घालून यावीत. खोलीचे भाडे दुसऱ्या दिवशी संपते. ती नोंद नातवंडांच्या उपयोगी पडते.